वाळू आणि कोळसा यांचें वज्र

शस्त्राला धार लावणें, रत्नाला पैलू पाडणें आणि धातूच्या पृष्ठभागाला झिलई देणें हीं कामें मनुष्य फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. या सर्व कामांचें मर्म एकच आहे. जी वस्तु घासावयाची, तिच्याहून अधिक कठीण अशी दुसरी वस्तु हाताशीं असली पाहिजे. भारतांत ही गरज कुरुंद नांवाच्या दगडानें भागविली. दक्षिणेंत सेलम, म्हैसूर या भागांत सांपडणारा हा दगड कुटावयाचा, त्याची पूड लाखेंत कालवून तिचें चाक बनवावयाचें आणि त्या चाकावर अकीक, स्फटिक, पाचू घासावयाचे, ही येथील कारागिरांची परंपरागत रीत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस या दगडाचे नमुने विलायतेस गेले. १७९८ सालीं चार्ल्स ग्रेव्हिल यानें त्याजवर रॉयल सोसायटीपुढें एक निबंध वाचला, आणि तमिळ भाषेंतील 'कुरुंदम्' हा शब्द, ज्याचा संस्कृत आप्त 'कुरुविंद' हा होय, तो 'कोरंडम' असें रूप धारण करून पाश्चात्य खनिजशास्त्रांत कायमचा जाऊन बसला.

त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं अमेरिकेंतील एका लहानशा गांवीं एक नवा पदार्थ जन्मास आला. त्याच्या नांवांतही हा कुरुंद शिरला. आणि तो गैरसमजानें शिरला. त्या पदार्थाचें व्यापारी नांव कार्बोरंडम. रसायनशास्त्रांत त्याला सिलिकॉन कार्बाइड म्हणतात. वाळू आणि कोळसा या दोन क्षुद्र वस्तूंपासून तो होतो, आणि काठिण्यांत मात्र तो कुरुंदाला मागें टाकून हिऱ्याच्या शेजारीं जाऊन उभा राहतो. एखाद्या वस्तूचा शोध लागणें आणि त्या शोधाचें चीज होणें यांत केवढें अंतर असतें, हें या पदार्थाच्या इतिहासावरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसऱ्या कशावरून दिसेल.

एडवर्ड गुडरिच ॲचिसन याचा जन्म ९ मार्च १८५६ रोजीं पेनसिल्व्हानियामधील वॉशिंग्टन नांवाच्या गांवीं झाला. त्याचे वडील लोखंड गाळण्याच्या भट्ट्यांवर व्यवस्थापक होते. घरची स्थिति बिघडल्यामुळें मुलाची शाळा सोळाव्या वर्षींच सुटली. पुढें मिळेल तें काम करीत आणि रात्रीं पुस्तकें वाचीत त्यानें विजेचें ज्ञान मिळविलें, व १८८० सालीं तो एडिसनच्या मेन्लो पार्क येथील प्रसिद्ध प्रयोगशाळेंत नोकरीस लागला. दुसऱ्याच वर्षीं पॅरिस येथें विद्युत्प्रदर्शन भरलें, त्यासाठीं त्याला युरोपांत पाठविण्यांत आलें. १८८४ सालीं तो परत आला आणि एडिसनची नोकरी सोडून स्वतःच्या पायांवर उभा राहण्याच्या खटपटीस लागला.

१८९१ सालीं ॲचिसन मोनोंगाहेला या गांवीं विजेच्या दिव्यांचा एक लहान कारखाना चालवीत होता. दिवे लागावयाचे ते रात्रीं. त्यामुळें दिवसा वीज उत्पन्न करणारें यंत्र रिकामें असे. मातींत कर्ब मुरवून एखादा कठीण पदार्थ तयार करतां येईल काय, हा प्रश्न त्याच्या डोक्यांत घोळत होता. नळ जोडणारे कारागीर डांक वितळविण्यासाठीं वापरतात तसलें एक लोखंडी भांडें त्यानें घेतलें, त्यांत चिकणमाती व कोकची पूड यांचें मिश्रण भरलें, भांड्याला विजेची एक तार जोडली, आणि दुसऱ्या तारेस जोडलेली कर्बाची कांडी त्या मिश्रणांत खुपसून जोराचा प्रवाह सोडला. माती वितळली. भांडें थंड झाल्यावर पाहतां इष्ट असें कांहींच हातीं लागलें नाहीं. फक्त कर्बाच्या कांडीच्या टोंकास चार दोन चकचकीत कण चिकटलेले दिसले. दुसऱ्या एखाद्यानें ते भांड्यासकट केरांत टाकले असते. ॲचिसननें त्यांतील एक कण शिसपेन्सिलीच्या टोंकावर बसविला आणि खिडकीच्या काचेवरून ओढला. हिऱ्यानें उमटावा तसा काचेवर ओरखडा उमटला.

प्रयोगाची पुनरावृत्ति करून त्यानें असे आणखी कण जमविले, ते एका फिरत्या लोखंडी चकतीवर तेलांत बसविले, आणि आपल्या अंगठींतील हिरा त्या चकतीवर धरला. हिरा झिजला ! या कसोटीनंतर शंकेस जागा उरली नाहीं. मातींतील ॲल्युमिना, म्हणजे ज्याचा कुरुंद बनतो तें द्रव्य, आणि कार्बन यांच्या संयोगानें हा पदार्थ झाला असावा असा ॲचिसनचा तर्क होता. म्हणून कार्बन आणि कोरंडम हे दोन शब्द सांधून त्यानें 'कार्बोरंडम' हें नांव बनविलें. पुढें रासायनिक पृथक्करण झालें, तेव्हां त्यांत ॲल्युमिनाचा संबंधच नाहीं असें आढळलें. मातींतील वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, हाच कर्बाशीं संयोग पावला होता. यावरून मातीची आवश्यकता नाहीं, शुद्ध वाळू घेतली कीं काम भागतें, हें उमगलें. कृति सुधारली, नांव मात्र आहे तसेंच राहिलें.

आतां खरी अडचण पुढें उभी राहिली. एका लहानशा कुपींत मावेल एवढा माल घेऊन ॲचिसन न्यूयॉर्कला गेला आणि तेथील रत्ने घासणाऱ्या कारागिरांस त्यानें तो दाखविला. कॅरटास ४० सेंट हा भाव त्याला मिळाला. कॅरट म्हणजे एक पंचमांश ग्रॅम. तेव्हां हा भाव जवाहिराचाच म्हटला पाहिजे. त्या पैशांतून त्यानें एक सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतलें. परंतु या भावानें माल घेणारे जवाहिरे जगांत असे किती असणार ? पदार्थ महाग राहिला तर गिऱ्हाइकें मूठभर. स्वस्त करावा तर भट्ट्या मोठ्या हव्यात, आणि मोठ्या भट्ट्यांस लागणारी वीज त्या गांवीं मिळेना. त्याच सालीं त्यानें कार्बोरंडम कंपनी स्थापन केली, व २८ फेब्रुवारी १८९३ रोजीं त्याला या कृतीचें पेटंट मिळालें. परंतु पेटंटानें कोणाचें पोट भरत नाहीं.

पहिलें मोठें गिऱ्हाईक मिळालें तें एका व्यापारी भांडणामुळें. १८९३ सालीं शिकागो येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत दिवे लावण्याचा मक्ता जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें घेतला होता. सबंध काचेचा बंद गोळा असलेल्या दिव्याचे हक्क एडिसनपक्षाकडे असल्यामुळें वेस्टिंगहाउसला बाटलीच्या बुचाप्रमाणें काचेचें बूच असलेला निराळाच दिवा करावा लागला. त्यांतील हवा काढून घेतल्यावर बूच इतकें घट्ट बसावयास हवें होतें कीं बाहेरची हवा आंत शिरूं नये. आणि त्यासाठीं प्रत्येक बूच अचूक घासणें प्राप्त होतें. या कामास ॲचिसनचीं चाकें उपयोगीं पडलीं, आणि ६०,००० लहान चाकांची मागणी त्याच्याकडे आली. ज्या दिव्यांच्या लखलखाटानें लाखों प्रेक्षक दिपले, त्या दिव्यांमागें ही चिमुकली चाकें फिरलीं होतीं हें त्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल.

याच सुमारास नायगाराच्या धबधब्यावर वीज उत्पन्न करण्याची प्रचंड योजना पुरी होत आली होती. ॲचिसननें तेथें जाऊन १००० अश्वशक्तीचा करार केला. मोनोंगाहेला येथील लहान कारखान्याचा मालही त्या वेळीं निम्मा विकला जाई आणि निम्मा पडून राही. अशा स्थितींत कितीतरी पट अधिक मालाची तजवीज करणें हें संचालकांस शुद्ध वेडेपण वाटलें, आणि त्या सर्वांनीं एकदम राजीनामे दिले. ॲचिसन डगमगला नाहीं. १८९५ सालीं कंपनी नायगारा येथें गेली; त्या वीजगृहाची ती दुसरी मोठी गिऱ्हाईक होती. वीज मुबलक झाली, माल स्वस्त झाला आणि स्वस्त झाला म्हणूनच खपूं लागला. संचालकांचा हिशेब अंकांच्या दृष्टीनें बरोबर होता. मागणीमुळें किंमत ठरते इतकेंच त्यांनीं पाहिलें होतें, किंमतीमुळें मागणी जन्मास येते हें त्यांच्या ध्यानीं आलें नाहीं. परंतु या विस्तारासाठीं पिट्सबर्गच्या मेलन घराण्याच्या पेढीकडून भांडवल घ्यावें लागलें. हळूहळू कंपनीची सूत्रें त्या पेढीकडे गेलीं, आणि १९०१ सालीं ॲचिसनला स्वतः स्थापन केलेल्या कंपनीचें अध्यक्षपद सोडावें लागलें.

ॲचिसनच्या भट्टीची रचना वरवर पाहतां अगदीं साधी आहे. विटांच्या लांबट हौदांत दोन टोंकांस कर्बाचे जाड खांब बसवितात. त्या दोहोंच्या मधोमध ग्राफाइटच्या दाण्यांचा एक गाभा रचून त्याच्याभोंवतीं वाळू आणि कोक यांचें मिश्रण भरतात. पूर्वीं या मिश्रणांत लाकडाचा भुसा व मीठही घालीत. भुसा जळून जाऊन मिश्रण पोकळ राही व त्यांतून वायु बाहेर पडूं शके. मिठामुळें लोहादि मळ निघून जात. प्रवाह सोडला म्हणजे गाभा तापत तापत २००० अंश शतमानाच्याही वर जातो. तेथें वाळूंतील प्राणवायु कर्बाशीं संयोग पावून विषारी वायूच्या रूपानें निघून जातो, आणि उरलेलें सिलिकॉन दुसऱ्या कर्बाशीं जोडलें जातें. बाहेर पडणारा वायु पेटून भट्टीच्या चिरांतून ज्वाळा खेळूं लागतात. दीड दिवस भट्टी अशी धगधगत ठेवून मग ती सावकाश निवूं देतात. नंतर फोडून पाहिली असतां गाभ्याभोंवतीं निळ्या, जांभळ्या, हिरव्या झांकेच्या काळसर स्फटिकांचें कडें दिसतें. मोराच्या पिसाऱ्याची आठवण व्हावी असें तें रूप असतें. पण तें पाहत बसण्यासाठीं नसतें. स्फटिक कुटून, धुवून, चाळणींनीं त्यांचे बारीक जाड दाणे निवडतात, विशिष्ट मातींत कालवून त्यांचीं चाकें दाबतात आणि कुंभाराच्या मडक्यांप्रमाणें तीं भाजून काढतात.

या चाकांनीं बीड, पितळ, काच, दगड, चिनीमाती हीं सुरेख घासलीं जातात. पोलादाशीं मात्र कार्बोरंडमचें फारसें पटत नाहीं. घर्षणाच्या उष्णतेनें त्यांतील कर्ब लोखंडांत विरघळतो आणि चाक लवकर झिजतें. म्हणून पोलादासाठीं विजेच्याच भट्टींत केलेला कृत्रिम कुरुंद वापरतात. या दोन भावंडांनीं मिळून विसाव्या शतकांतील यंत्रविद्येचा पाया घातला. मोटारीचे, शिवणयंत्राचे अथवा विमानाचे भाग एकसारखे, केसाच्याही अंशाचा फरक न पडतां घडले पाहिजेत, तरच एकाचा भाग दुसऱ्यास बसतो. अशी अचूकता कानसेनें साधत नाहीं. ती घासणाऱ्या चाकानें साधते.

या चाकांचा आणखी एक उपकार आहे, आणि त्याची गणना पैशांत होण्यासारखी नाहीं. इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं चाकू, कात्र्या, जेवणाचे काटे शतकानुशतकें वालुकाश्माच्या चाकांवर घासले जात. घासतांना त्या दगडाचीच बारीक धूळ उडे, आणि ती कामकऱ्यांच्या छातींत जाऊन बसे. काटे घासणारे कामकरी कोरडें घासकाम करीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांपैकीं बहुतेक तिशीच्या आसपास दम लागून मरत. लोक त्याला घासणाऱ्यांचा दमा म्हणत. तो वस्तुतः वाळूच्या धुळीचा रोग होता. कृत्रिम दाण्यांचीं चाकें प्रचारांत आल्यावर वालुकाश्म मागें पडला आणि या रोगाचें एक मोठें मूळ उखडलें गेलें. तथापि धूळ ती धूळच. जेथें कार्बोरंडम जन्मास येतो, त्या भट्ट्यांपाशींच वाळूची व बारीक तंतूंची धूळ उडते. आणि २०१४ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनीं ॲचिसनच्या भट्टीवरील कामाशीं निगडित असलेला संसर्ग मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणारा आहे असा निर्णय दिला. एका कारखान्यांतील संकट दुसऱ्या कारखान्याच्या दारीं नेऊन ठेवणें म्हणजे त्याचें निवारण नव्हे, हें येथें विसरून चालणार नाहीं.

ॲचिसनच्या हातून दुसरा शोध लागला तोही भट्टी प्रमाणाबाहेर तापल्यामुळें. कार्बोरंडम वितळत नाहीं. अतिशय तापविला असतां त्यांतील सिलिकॉन वाफ होऊन उडून जातें आणि मागें शुद्ध ग्राफाइट उरतें. नासलेला माल म्हणून तें फेंकून न देतां ॲचिसननें त्याचें १८९६ सालीं पेटंट घेतलें व पुढें ग्राफाइटचा स्वतंत्र कारखाना काढला. पोलादाच्या विद्युत्भट्ट्यांस लागणाऱ्या कांड्या या कृत्रिम ग्राफाइटच्याच असतात. १९४२ सालीं शिकागो येथें मनुष्यानें रचलेली पहिली अणुभट्टी सुरू झाली, तिच्यांतही कृत्रिम ग्राफाइटच्या विटांचे थर होते. ॲचिसन १९३१ सालीं वारला. त्यामुळें तें पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

येथवर काठिण्य आणि उष्णतेस न डगमगणें, या दोन गुणांची हकीकत झाली. दुसऱ्या गुणामुळें कुंभारभट्ट्यांतील फळ्या आणि विजेच्या भट्ट्यांतील तापणाऱ्या कांड्याही कार्बोरंडमच्या होऊं लागल्या. परंतु त्याचा तिसरा गुण विजेशीं निगडित आहे, आणि आकाशवाणीच्या श्रोत्यांस तोच अधिक जवळचा वाटेल. बिनतारी संदेशाच्या लहरी ओळखण्यासाठीं आरंभीं स्फटिक वापरीत. या मार्गावरील अगदीं पहिल्या पांथस्थांत आचार्य जगदीशचंद्र बोस यांची गणना होते. गॅलिना या शिशाच्या खनिजावर आधारलेल्या त्यांच्या लहरीशोधकास १९०४ सालीं अमेरिकन पेटंट मिळालें. १९०६ सालीं जनरल डनवुडी या निवृत्त अमेरिकन सेनाधिकाऱ्यानें त्याच कामीं कार्बोरंडम लावला. इतर स्फटिकांवर तारेचें टोंक अलगद टेकवावें लागे आणि जरा धक्का बसला कीं संदेश बंद पडे. कार्बोरंडम मात्र घट्ट आवळून धरतां येई, म्हणून हालत्या जहाजांवर तो भरंवशाचा ठरला.

मार्कोनीच्या कंपनींतील एच्. जे. राउंड हा इंग्रज अभियंता १९०७ सालीं अशाच स्फटिकांची परीक्षा करीत होता. एका स्फटिकांतून दहा व्होल्ट दाबाचा प्रवाह सोडतांच त्यांतून पिवळसर उजेड निघाला. दुसऱ्या कांहींतून हिरवा, नारिंगी, निळाही निघाला. त्यानें एका विद्युद्विषयक नियतकालिकास लहानसें पत्र धाडून ही गोष्ट कळविली; कोणीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. पुढें रशियांत ओलेग लोसेव्ह या तरुणास तोच उजेड स्वतंत्रपणें दिसला. तो तेथेंच थांबला नाहीं. हा उजेड तापल्यामुळें पडत नाहीं हें त्यानें प्रयोगांनीं दाखविलें, १९२७ सालापासून त्यावर निबंध लिहिले, आणि प्रकाशाच्या जलद उघडझापेनें संदेश पाठवितां येतील हेंही ओळखलें. त्याचा अंत मात्र अत्यंत करुण झाला. दुसऱ्या महायुद्धांत लेनिनग्राडला वेढा पडला असतां जानेवारी १९४२ मध्यें तो उपासमारीनें मरण पावला; त्या वेळीं तो अवघा ३८ वर्षांचा होता. घरोघर लागलेले हल्लींचे एलईडी दिवे दुसऱ्या द्रव्यांचे असले, तरी त्यांचा मूळपुरुष तो कार्बोरंडमचा कणच होय.

विजेच्या कमी दाबास अडवावयाचें आणि दाब फार वाढतांच वाट मोकळी करावयाची, असाही या पदार्थाचा स्वभाव आहे. म्हणून सुमारें १९३० पासून कित्येक दशकें आकाशांतील विजेपासून तारांचें रक्षण करणाऱ्या यंत्रांत त्याच्या चकत्या बसवीत. नंतर जस्ताच्या भस्माच्या चकत्यांनीं त्यांची जागा घेतली. परंतु त्याच्या भाग्याचा नवा उदय पुढेंच व्हावयाचा होता. १९५५ सालीं हॉलंडांत लेली यानें या पदार्थाची वाफ करून तिच्यापासून निर्मळ स्फटिक वाढविण्याची युक्ति काढली. १९७८ सालीं रशियांत ताइरोव्ह व त्स्वेतकोव्ह यांनीं मोठे स्फटिक वाढविण्याची पद्धति सांगितली. २००१ सालीं अशा स्फटिकाचे डायोड, म्हणजे विजेस एकाच दिशेनें जाऊं देणारे दरवाजे, बाजारांत आले. त्यानंतर दहा वर्षांनीं ट्रान्झिस्टरही आले. साध्या सिलिकॉनपेक्षां हे अधिक दाब व अधिक उष्णता सोसतात आणि वीज फुकट घालवीत नाहींत. म्हणून विजेच्या मोटारगाड्यांत त्यांचा प्रवेश झाला, आणि जपानमध्यें २०२० सालीं सुरू झालेल्या नव्या शिंकान्सेन आगगाडींतही ते बसविलेले आहेत.

या उद्योगाची वाट महाराष्ट्रांतूनही गेली आहे. १९४१ सालीं, महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, उरणजवळच्या मोरा येथें ग्राइंडवेल हा घासण्याच्या चाकांचा कारखाना निघाला. १९५४ सालीं मद्रास येथें अमेरिकन कार्बोरंडम कंपनीच्या सहकार्यानें दुसरा उभा राहिला. ज्या देशानें कुरुंदाचें नांव जगास दिलें, त्या देशांत तें नांव अशा प्रकारें विलायती पोशाख करून परत आलें.

निसर्गांत हा पदार्थ अत्यंत दुर्मिळ आहे. ॲरिझोनांत पडलेल्या एका उल्केच्या तुकड्यांत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मॉइसाँ यास १९०४ सालीं तो आढळला. त्यावरून नैसर्गिक पदार्थास मॉइसनाइट म्हणूं लागले. १९६९ सालीं ऑस्ट्रेलियांत मर्चिसन येथें पडलेल्या उल्केंतही त्याचे सूक्ष्म कण सांपडले. त्यांतील कांहीं कण सूर्य जन्मास येण्यापूर्वींचे, कोणा दुसऱ्याच ताऱ्यांतून उडालेले आहेत, असें शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे. म्हणजे मोनोंगाहेला येथील लोखंडी भांड्यांत जें घडलें, तें विश्वांत पूर्वींच घडून गेलें होतें.

मग ॲचिसननें नवें तें काय केलें ? चकचकीत कण केरांत टाकला नाहीं; त्याला काचेवर ओढून पाहिलें; आणि निम्मा माल पडून असतांना तो अनेक पटींनीं वाढविण्याचें धाडस केलें. राउंडनें उजेड पाहिला, पण त्याचा पाठपुरावा झाला नाहीं. लोसेव्हनें पाठपुरावा केला, पण त्याचा काळ अनुकूल नव्हता. ॲचिसनला काळ अनुकूल होता, तरी शेवटीं कंपनी हातची गेलीच. शोधाचें फळ बहुधा शोधकाच्या हातीं पडत नाहीं. तें पुढच्यांच्या पदरांत पडतें. सुरीला धार लावणाऱ्या किंवा मोटारींत बसणाऱ्या माणसास या तिघांचीं नांवें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु कधीं काळीं तीं उच्चारलीं जावींत, एवढें ऋण मात्र त्याच्या माथीं आहे.